पहाटे पाचचा सुतार

एप्रिल. अंगणात अजून गुडघाभर बर्फ,
आणि पहाटे पाचला आमच्या धुराड्याच्या टोपीवर
कुणीतरी पत्रा ठोकतंय.

फ्लिकर आहे. गळ्याखाली काळी चंद्रकोर,
उडाला की पंखांखालून पिवळाधमक.
बाकीच्या सुतारांना लाकूड पुरतं, याला पत्राच हवा.
जितका आवाज मोठा, तितकी बायको लवकर मिळते म्हणे.
मी गोधडीत पडल्या पडल्या
त्याच्या होणाऱ्या संसाराला शिव्या घालते.

पलीकडच्या खोलीत रेइनो घोरतोय.
माझा धाकटा भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर.
एकवीस वर्षं तांब्याच्या खाणीत ड्रिल धरलं.
खाण बंद पडली तोवर कानही बंद झाले होते.
कानातली यंत्रं साखरेच्या डब्यामागे ठेवलीत;
म्हणतो, त्यांतून फक्त तूच ऐकू येतेस, एल्मा.

तेव्हा आम्ही वहीत बोलतो.
टेबलावर वही, दोरीला बांधलेली पेन्सिल,
खिडकीबाहेर जाळीत टांगलेला चरबीचा गोळा.
'डाउनी आला.'
'हेअरी आहे.'
'डाउनी.'
'चोच बघ, बाई. जवळजवळ डोक्याएवढी लांब.'
दोघे तसेच काळे-पांढरे, दोघांच्या मानेवर तोच लाल ठिपका,
जणू एकच सदरा, एक धुण्यात आटलेला.
तीस हिवाळे हे भांडण पुरलंय आम्हाला.

त्या वह्यांत आमच्या इम्पीच्या लग्नाची तारीख सापडणार नाही,
पण पिलिएटेड आला तो दिवस सापडेल:
कावळ्याएवढा, डोक्यावर आगीची शेंडी,
सौनामागच्या वाळक्या अ‍ॅस्पनला त्यानं
दुपारपर्यंत चौकटीसारखं लांबट भोक पाडलं.
ना ओळंबा, ना पट्टी, ना कानावर पेन्सिल.
बर्फावर ढलप्यांचा खच.
रेइनोनं त्या बादलीत भरून आणल्या,
संध्याकाळी सौना त्यांवरच पेटवला
आणि वहीत लिहिलं: 'मजुरी विचारली नाही.'

फ्लिकरचा मात्र मला वीट आला.
पुतण्याला, वेनला, फोन केला.
तो गावातून प्लास्टिकचं घुबड घेऊन आला,
शिडी लावून छपरावर ठोकलं.
घुबडाची मान वाऱ्यानं फिरते, डोळे चकाकतात.
दोन दिवस शांतता.
तिसऱ्या दिवशी घुबडाच्या डोक्यावर
एक डाउनी बसून पिसं साफ करत होता.
(हेअरी असेल. चोच दिसली नाही.)
चौथ्या पहाटे पुन्हा पत्रा.

मी झाडू घेऊन उठले. दारापर्यंत जायला स्वयंपाकघरातून वाट.
तिथे अंधारात रेइनो उभा.
रात्रीचा विस्तव विझलेला, शेगडीची नळी जेमतेम कोमट,
आणि तिच्यावर त्याचा उजवा तळहात, सपाट,
जसा घोड्याच्या मानेवर ठेवावा.
वर ठोका पडला की त्याची बोटं हलायची.
थांबला की थांबायची.
किती दिवस हे चाललं होतं?
मी जागी होऊन शिव्या देत असताना
घोरणं केव्हा थांबायचं, माझ्या कधी ध्यानातच आलं नाही.

झाडू भिंतीला टेकवला. त्यानं वळून पाहिलं नाही.

सकाळी वेनला पुन्हा फोन केला: घुबड घेऊन जा.
का, ते सांगितलं नाही. तो म्हणाला, आत्या, पावती हरवली.
आता ते घुबड सौनाच्या पायरीवर बसतं,
त्याच्या डोक्यावर आम्ही ओले टॉवेल वाळत टाकतो.

परवा पुन्हा पाच वाजले, पुन्हा ठोके.
मी कॉफी ठेवली. रेइनोचा हात नळीवर होता.
मग त्याच्या कपाळाला आठी पडली,
आणि तो बोलला, तोंडानं, खूप मोठ्यानं,
कारण आपला आवाज केवढा ते त्याला कळत नाही:
'हा तो नव्हे. हा अडखळतो.'

माझे कान शाबूत आहेत. मी कान दिला.
सुरुवातीला भराभर, मग एक, मग थांबून एक,
मग जणू विसरला, आणि एक.
सॅपसकर. बर्चच्या सालीत ओळीनं भोकं पाडून रस पिणारा,
या वर्षी आठवडाभर आधी आलेला.

मी वही ओढली. नाव लिहिलं.
त्यानं डाव्या हातानं पेन्सिल घेतली,
उजवा नळीवरून काढला नाही,
आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत खाली लिहिलं:
'कॉफी उतू जातेय.'