चाब्यांची फळी

परवाना काचेत आहे, गल्ल्याच्या वर.
दरसाल नवा होतो, काच तीच.
त्याच्याखाली एका फळीवर मी ठोकलेत
एकवीस खिळे.

वर्धा रोडवर, चिंचभवनच्या अलीकडे आपला बार.
पुढे जिल्हा बदलतो, दारूबंदी लागते,
म्हणून शनिवारी तिकडची माणसं
तहान घेऊन इकडे येतात,
आणि परत जायचं असतं त्यांना
ट्रकांच्या त्याच रांगेतून, अंधारात.
बाटली उघडण्याआधी मी विचारतो,
"गाडी कोण चालवणार?"
"काहून बे, तू पोलीस हायेस का?"
नाही भाऊ. मी फक्त मोजतो.

तीस म्हणजे तीस, साठ म्हणजे साठ.
हात सैल सोडला तर गिऱ्हाईक खूश होतं,
पण मग त्यानं किती घेतली
हे त्यालाही कळत नाही, मलाही नाही.

नवतप्यात पाण्याचा जग आधी.
दिवसभर डांबर ओतून आलेला माणूस
समोर येईल तो पहिला ग्लास एका दमात रिकामा करतो.
तो पाण्याचा असलेला बरा.

मिसरूड फुटलेली पोरं येतात,
मोबाइलवर आधार कार्डाचा फोटो,
जन्मसालावर अंगठा.
"अंगठा काढ बाप्पा."
अंगठा निघत नाही.
मी लिंबूसोडा देतो. त्याचे पैसे घेतो.

चढलेला माणूस आवाजावरून ओळखू येत नाही,
हे मला रूपचंद उईकेनं शिकवलं,
चौदा वर्षं टेबलं पुसून त्याला ठाऊक झालेलं.
त्याच्या बोटांकडे पाहा, म्हणाला,
बशीतला शेंगदाणा सापडेनासा झाला
की बिल न्यायचं.

विलास परातेला त्या मंगळवारी
शेंगदाणा सापडत नव्हता.
मिहानमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो, दोन टनांचं खोकं
इंचावर थांबवणारा माणूस.
चाबी मागितली तर छल्लाच आपटला टेबलावर, शिवीसकट.
बंडूच्या ऑटोत बसवला, भाडं वहीत मांडलं,
आणि छल्ला टांगला नवव्या खिळ्याला.
चांगलं काम केल्यासारखा झोपलो मी.

सकाळी शटर अर्धं वर, फरशीवर फिनाईल.
बाहेर एक मुलगी, दहा-अकराची,
हातात दुधाची पिशवी, थेंब पायावर गळतायत.
तिला आत घेता येत नाही. तिलाही यायचं नव्हतं.
मीच वाकून शटरखालून बाहेर आलो.

"बाबाची चाबी द्या."
दिली. वाटलं, आता ओरडेल, किंवा रडेल.
तिनं छल्ला उन्हात धरून एकेक चाबी पाहिली.
"गाडीची ठेवली ते बरं केलं, आई म्हणे.
पण घराची बी यातच होती.
आम्ही उमरेडले गेलो होतो मामाकडं.
सकाळच्या बसनं आलो तं बाबा पायरीवर."
जरा थांबून म्हणाली,
"चप्पल उशाला घेऊन."

मला उत्तर सुचलं नाही.
तिलाही ते नको होतं.
दुधाची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन ती निघून गेली
पलीकडच्या सावलीसावलीनं.

तेव्हापासून गल्ल्यात एक पकड आहे.
छल्ले फार घट्ट असतात, नखं तुटतात.
गाडीची चाबी काढून खिळ्यावर,
घराची त्याच्याच हातानं त्याच्या खिशात,
आणि खिसा वरून एकदा थोपटून बघायचा.
तपासणीला आलेले साहेब फळी पाहून म्हणाले,
"हे कोणत्या रजिस्टरात दाखवता?"
म्हटलं, रकाना नाही साहेब.

आज सात चाब्या आहेत.
रूपचंद खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवतोय.
मी बाहेर जाऊन गाड्या मोजतो.
सहा.
आत येऊन चाब्या पुन्हा मोजतो, सात,
मग टॉर्च घेऊन परत बाहेर,
आणि ट्रान्सफॉर्मरच्या मागे, लिंबाखाली,
दिसते सातवी, सीटवर पानं पडलेली.
रूपचंद, म्हणतो मी,
आता शटर ओढ.