चार इंच कोरी जागा

व्हर्नेल टॉलिव्हर मी चोवीस वर्षं
उलटीच वाचली.
खिळे जुळवणाऱ्याला अक्षरं आरशातल्यासारखी दिसतात;
शाई लागते, कागद दाबला जातो,
मग जगाला सुलट.

दर गुरुवारी फ्रँकफर्टहून शेवटच्या बसनं यायची,
बूट हातात, मजकूर हॅटच्या अस्तरात.
विधानभवनाचा दारवान पहिल्याच दिवशी म्हणाला होता,
झाडूवाल्या मागच्या दारानं.
गेली मागच्या दारानं.
तिथं स्वयंपाकघर होतं, लिफ्टवाला ऑर्विल होता,
आणि रस्त्यांच्या कंत्राटाचा सौदा
सूपच्या भांड्याशेजारी उघडा पडला होता.
"दार कुठलं का असेना," म्हणाली, "कान आपलेच."

राज्यपाल मात्र तिच्या वर केलेल्या हाताच्या
आरपार बघायचे. सात महिने.
तो हात मी पाहिला नाही.
काखेत उसवलेली बाही पाहिली आहे.

आठव्या महिन्यात, नाव न घेता, बोट दाखवलं.
तिनं विचारलं: क्षयाच्या सरकारी इस्पितळात
आमच्या माणसांसाठी खाटा किती?
राज्यपाल म्हणाले, पुढचा प्रश्न.

त्या रात्री तिनं एवढंच दिलं, तो एक प्रश्न.
खाली चार इंच कोरं सोड, म्हणाली.
मालक भडकले: चार इंचांत
बॅसेटच्या शवपेट्यांची जाहिरात बसते!
"बसेल की," ती म्हणाली,
"खाटा नसल्या तर त्याच लागणार आहेत."
मी शिशाचे कोरे ठोकळे भरले.
इतकं जड काही पुन्हा जुळवलं नाही.

आणि लोक त्या चौकोनात लिहू लागले.
पेन्सिलीनं, कोळशानं, एकीनं लिपस्टिकनं.
आईचं नाव. भावाचं. तारीख.
कापून राज्यपालांना टपालानं.
खाटा वाढल्या, बावीस.
पुरेशा नाहीत, हेही तिनंच लिहिलं.

पुढं ती स्वतः निवडणुकीला उभी राहिली,
दोनशे अकरा मतांनी पडली.
स्वतःच्या पराभवाची बातमी सहा ओळींत लिहून
पाचव्या पानावर टाक म्हणाली,
वर माझा एक स्वल्पविराम चुकला तो दाखवला.
सोमवारी पुन्हा त्याच खुर्चीत.

परवा तिची शेवटची बातमी जुळवली.
वय कुणालाच नक्की ठाऊक नाही:
चर्चच्या वहीत एक, मतदार यादीत दुसरं.
नवे संपादक म्हणाले, अंदाजे टाका.
अंदाजे!
तिच्या बातमीत?

मी एक कोरा खिळा बसवला
आणि शाईला हाक दिली.