सातशे तीन, सातशे चार

लिफ्टमध्ये पाटी: आठ माणसे, पाचशे चव्वेचाळीस किलो.
आम्ही तेरा, आणि दसऱ्याचा मुहूर्त अकरा वाजून बारा मिनिटांचा.
पहिल्या खेपेत बापू, कलश, ताराआत्या,
आत्याच्या कडेवर शिवणयंत्राचं मुंडकं.
त्याचे पाय अजून टेम्पोत होते,
कळव्याहून निघालेल्या, गाद्यांच्या खाली.
उरलेले आम्ही खाली उभे. खारघरचं ऊन असं
की आपट्याची पानं खिशातच वाळली.

मधली भिंत पाडू, असं दिगूभाऊजी तीन वर्षं म्हणत होते,
हप्ता भरताना, हप्ता चुकताना.
सेक्रेटरींनी चष्मा पुसला,
स्ट्रक्चरला हात लावायचा नाही म्हणाले.
तर आता दोन दारं, खांद्याला खांदा लावून,
आणि पुढ्यात पाच पावलं पॅसेज,
कुणाच्याच नावावर नसलेला.

दोन खोल्यांत एकवीस वर्षं
मी कुणाच्या उशीला पाय न लावता चालायला शिकले.
इथे पहिल्या रात्री पाणी प्यायला उठले
तर पायाला काहीच आलं नाही.
तरी चालले तशीच, चवड्यांवर,
ओवीला, शार्दूलला, आत्याच्या डब्याला ओलांडत,
जे कुणीच तिथे नव्हतं.
मग खोलीत परत येऊन कडी लावली.
लग्नानंतरची माझी पहिली कडी.
हे कुणाला सांगितलं नाही. ह्यांनाही नाही, ते घोरत होते.

तिसऱ्या दिवशी कुंदावहिनी दारात, हातात वाटी.
“तुमच्याकडे मीठ आहे का गं?”
तुमच्याकडे.
तिलाही ऐकू आलं असावं, कारण ती उगाच
चपलांच्या रॅकबद्दल काहीतरी बोलली.
मी मीठ दिलं. मोजून द्यायचं की नाही, कळेना.
संध्याकाळी वाटी परत आली, रिकामी नाही,
वालाची उसळ घालून,
जशी शेजारीण पाठवते.

बापूंनी काही विचारलं नाही.
त्यांनी खुर्ची उचलली आणि पॅसेजमध्ये नेऊन ठेवली.

कोजागिरीला गच्चीची किल्ली दहापर्यंतच मिळाली.
दुधाचं पातेलं कळव्याचं,
नव्या शेगडीचे तीन बर्नर त्यानेच अडवले.
डोंगर समोर, काळा, कुणीतरी टेकून बसावं तसा,
धबधब्याची जागा आता नुसती ओली रेघ.
खालच्या रस्त्यावर सातवीण फुललेली,
वास सातव्या मजल्याच्याही वर येत होता.
शार्दूल म्हणाला, कुणी इतक्या उदबत्त्या लावल्यात?
आत्याचं डोकं दुखायला लागलं.
पेले कमी पडले. ते मात्र नेहमीचंच,
आणि त्यामुळे जरा बरं वाटलं.

दोन वाजता मी पुन्हा उठले, दार उघडलं.
पॅसेजमधला दिवा आपोआप लागतो, माणूस हलला की.
खुर्चीत बापू.
“हा दिवा बघ,” म्हणाले, “स्वस्थ बसलं की विझतो.
त्याला वाटतं कुणी नाही.”
खरंच विझला.
अंधारात त्यांनी हात वर केला,
वर्गात उत्तर येणाऱ्या पोरासारखा, आणि उजेड.
मी उंबऱ्यावर बसले.
दोघंही हललो नाही, जरा गंमत म्हणून,
दिवा गेला, वास मात्र राहिला.

एवढ्यात सातशे तीनचं दार करकरलं.
कुंदावहिनी, डोळे चोळत, उजेडात एकदम उघडी पडलेली.
आम्हाला बघून दचकली, मग माझ्याच शेजारी टेकली.
“झोप नाही येत गं,” म्हणाली. “फार जागा आहे.”

मी हो म्हटलं.
आत गेल्यावर कडी लावली.
मग काढली. उभी राहिले.
मग लावली, पण आवाज न करता.