कूलर बंद करून

मे महिन्यात नागपुरात गाणं रेकॉर्ड करायचं
म्हणजे आधी कूलर बंद करायचा.
त्याची घरघर पंचमाच्या जराशी खाली बसते.
दोन उन्हाळे मी गिटार तिच्याशीच लावत राहिलो,
हिवाळ्यात कळलं,
सगळी गाणी अर्धा सूर उतरलेली.

कूलर बंद झाला की खोली
साधारण तीन मिनिटं माणसाची असते.
मग बोटांना घाम, तार निसटते,
वाळ्याचा ओला वास भिंतीत जिरून जातो.
धरमपेठेतल्या कॅफेत एका मुलीनं विचारलं,
तुमची सगळी गाणी एवढुशीच का?
मी म्हटलं, दुःख तेवढंच असतं.
तिनं ते वहीत लिहून घेतलं.
मला लाज वाटली, पण खोडायला सांगितलं नाही.

श्वेतलवर अकरा गाणी आहेत.
एक फुटाळ्याच्या काठावरचं, एक अजनीच्या पुलावरचं,
एक नुसतं त्या पांढऱ्या स्कार्फवर,
ज्याच्यातून उन्हात तिचे फक्त डोळे उरायचे.
ती हैदराबादला गेली
त्याच्या वर्षभर आधीच त्यातली सात लिहून झाली होती.
"तुझ्या गाण्यात मी सारखी निघालेलीच असते,"
ती म्हणाली होती, तर्री-पोह्यांची प्लेट सांभाळत,
"एकदा तरी बसलेली लिही ना."
मी हसलो.
बसलेल्या माणसाची चाल सुचत नाही मला.

बाबांवर एकही नाही.

गोळीबार चौकाच्या मागं आमचं घर, घरात खड्ड्याचा माग.
बाबा कमरेपर्यंत जमिनीत,
पाय पावड्यांवर, डावा, उजवा,
धोटा इकडून तिकडे, आणि आई आतून:
"किती राहिलं?"
"हातभर."
ते हातभर कधी हातभर नसायचं.

मी गिटार आणली तेव्हा त्यांनी ती पालथी करून पाहिली,
तारा मोजल्या.
"सहाच ताने? याच्यात लुगडं कसं निघन रे?"
मग अंगठ्यानं जाड तार छेडली,
तिला पूर्ण विझू दिलं
आणि हात धुऊन जेवायला बसले.

माग विकला लाकडाच्या भावात.
खड्डा त्यांनी स्वतःच बुजवला,
विटांचे तुकडे, शेजाऱ्याच्या पाडलेल्या भिंतीची माती,
वर कोट्याची फरशी.
त्याच फरशीवर खुर्ची टाकून पेपर वाचायचे.

मेडिकलच्या वॉर्डात, शेवटच्या रात्री,
चादरीखाली त्यांचे पाय हलत होते.
सिस्टर म्हणाली, झटके येताहेत.
आई म्हणाली, नाही, काठ चालू आहे.

नंतर मी बसलो लिहायला, कितीदा तरी.
श्वेतलसाठी जे शब्द आपोआप आले
ते इथे पायरीवरच थांबले.
गेली. गेले.
एक वेलांटी काढून मात्रा द्यायची, एवढंच,
आणि माझ्याकडं एकही चाल उरत नाही.

काल दुपारी तीनला, सेहेचाळीस अंश,
कूलर बंद केला.
ठेका धरायला पाय आपटला, सवयीनं,
आणि फरशी पोकळ वाजली.
खाली माती बसली असणार इतक्या वर्षांत.
मी परत आपटला. डावा.
मग उजवा.
मग गिटार मांडीवर तशीच राहिली बराच वेळ,
नुसता पायच चालला.

सात मिनिटं झाली. घामानं शर्ट पाठीला चिकटला.
शब्द मोजून एक ओळ,
तीही अजून पक्की नाही.
यात कोणी निघत नाही.

मध्येच कुठंतरी गल्लीतून गोळेवाला जातो,
त्याची घंटी आली आहे.
आणि शेवटाकडं, स्वयंपाकघरातून, आईचा आवाज:
"किती राहिलं?"

तो मी काढला नाही.
त्याच्या पुढं माझं उत्तरही आहे, पुसट,
माईकपासून लांब.