पिवळी बत्ती

नाना पेठेतल्या गाळ्यात दस्तगीरनं
पिकअपची चारही चाकं उतरवली,
नवे काळे, रुंद अलॉय भिंतीला टेकवले,
चहा सांगितला, मग म्हणाला,
"सेन्सरचं काय करायचं?"

जुन्या रिममधून निघालेले चार,
खजुराहून थोडे मोठे, रबराच्या भुकटीनं माखलेले.
नव्या भोकात त्यांचं नरडं बसेना.
नवीन घ्यायचे तर चौदा हजार,
शिवाय गाडीशी त्यांची ओळख करून द्यायची, ते वेगळंच.

"एक जुगाड आहे."
वीतभर पाइप, दोन्ही टोकांना बूच,
आत हे चौघं आणि पस्तीसची हवा.
सीटखाली टाकून द्यायचा.
"गाडीला वाटेल चाकं ठणठणीत. बत्ती लागणारच नाही."

"आणि चाक खरंच बसलं तर?"

"तरी नाही."

कॉम्प्रेसर धापा टाकत होता, तो थांबला.

सासवडहून अण्णा रोज रात्री फोनवर म्हणायचे, "बरंय."
एकाच पट्टीत.
शेवटच्या आठवड्यातही.

पाइप नको म्हटलं.
सेन्सर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून घरी आणले.

आता बत्ती कायम असते,
कात्रज चढताना, उतरताना,
सिग्नलला उभं असताना माझ्याकडे बघत.
सकाळी गेज घेऊन मी एकेका चाकापाशी उकिडवा बसतो.
वरच्या मजल्यावरून हगवणे काकू विचारतात,
"काय बिघडलंय हो रोज?"

माहीत नाही काकू, म्हणून तर बघतोय.
मागचं डावं आज तीस आहे.