खुंटी आणि मणी

पेढ्यांच्या खोक्यातून आठ व्हॉल्व्ह आणले डॉक्टरीणबाईंनी
आणि ठेवले कुपवाडला, माझ्या टेबलावर.
आठही वाकलेले, एकाच बाजूला,
एकाच वाऱ्यात सापडल्यासारखे.
"पट्टा एक दात सुटला. शिरढोणच्या पुढे.
आवाज आला, आणि मग
काहीच आवाज आला नाही."

गाडी छत्तीस वर्षांची. दोन दारं, माझ्या कमरेएवढी उंची,
डोळे उघडावेत तसे वर येणारे दिवे,
त्यातला डावा आळशी.
बाई मिरजेत भूल देतात. म्हणाल्या,
"झोपवणं सोपं असतं हो, शांतिनाथ."
पुढचं बोलल्या नाहीत.

टेन्शनर खोलला.
ज्यानं तो काढला त्याला नावं ठेवत नाही मी,
थंड देशात बसून काढला असणार.
एकच बोल्ट. तोच रोलर सरकवतो, तोच धरतो.
हवा तिथे आणून आवळायला जावं
तर शेवटच्या पाव आट्यात
पान्याबरोबर रोलरही निघतो,
पाहुण्याला पोचवायला म्हणून उठलेला माणूस
बोलत बोलत वेशीपर्यंत जातो तसा.
त्यात एंजिन तापलं की ब्लॉक फुगतो,
पट्टा ताठ होतो, बेअरिंग किरकिरतं.
गार झालं की सगळं सैल.
तुटेपर्यंत ताणू नये, आई म्हणायची.
बरोबरच आहे.
पण म्हण आकडा सांगत नाही.

पहिला नमुना फसला.
दुसरा दिसायला देखणा होता,
म्हणून त्याच्यापायी आठ दिवस जास्त गेले.

दस्तगीर शिकलगार महिन्यातून एकदा येतो
गिरमिटाची पाती घासून घ्यायला.
तंबोरे करतो. हातांना लाखेचा वास.
उघड्या एंजिनापाशी उकिडवा बसला
आणि मधल्या बोटानं पट्टा छेडला.
"काळी एक. जरा उतरलेली."
ब्लॉकमधून उकळतं पाणी फिरवलं मी.
"आता काळी दोन."
पाणी काढलं, गार होऊ दिलं, नट आवळला.
सूर घसरला. त्याला हसू आलं.
"खुंटीनं सूर जवळ आणायचा असतो,
लावायचा नसतो.
लावायचा तो मण्यानं."
मग बशीत ओतून चहा प्यायला,
पाती घेतली, गेला.

त्या रात्री शेडचा पंखा बंद केला,
कागद उडत होता म्हणून.
दोन स्टड, त्यांच्यावरून आडवी पट्टी,
रोलरची पिन आता दोन्ही टोकांना धरलेली.
बेअरिंग दोन ओळींचं.
आणि बाजूला बारीक आट्याचा एक स्क्रू,
पूर्ण फेरा फिरवला तर अर्धा मिलिमीटर.
त्यानं फक्त ढकलायचं.
बोल्टनं फक्त धरायचं.
चढणारा सूर काही थांबवता येत नाही,
तो किती चढणार ते ठाऊक ठेवून
खालून लावायचा.

रविवारी एंजिन हातानं दोन फेरे फिरवलं.
पांढऱ्या रंगाची खूण खुणेवर आली.
पुन्हा फिरवलं, उगाच.
बाईंनी चावी लावली. गाडी खोकली,
परत खोकली,
आणि मग पत्रे थरथरायला लागले.
बाई घड्याळाकडे बघत होत्या,
नाडी मोजताना बघतात तशा.
"किती वर्षं चालेल?"
"दर दिवाळीला पट्टा छेडून बघा.
सूर उतरला की या."
"मला सुरातलं काही कळत नाही."
दस्तगीर म्हणाला, "मला फोनवर ऐकवा."

परवा तिचा फोन गेला होता म्हणे त्याच्या दुकानात.
सात-आठ भोपळे पुसायचे बाकी होते,
तरी कानाला लावून बसला.
"काय ऐकू आलं?" मी विचारलं.
"काही नाही. एवढा खर्ज फोनवर येतच नाही."
"मग काय सांगितलंस?"
"गाडी घेऊन ये म्हटलं."