छपरावर टिकलेला बर्फ

सायमी कांगसच्या घराचं छप्पर
आमच्या गल्लीत सगळ्यांत आधी उघडं पडायचं.
बाकीच्या घरांवर हातभर बर्फ,
हिच्या पत्र्यावरून ठिबक ठिबक,
वळचणीला माणसाच्या उंचीचे सुळे.
"घर ऊबदार असलं की असं," ती म्हणायची.
मला तोडवायचं नाही.
पासष्ट वर्षं ती आभाळ तापवत होती.

माझा धंदा भिंती भरण्याचा.
सुपीरियर सरोवराच्या काठी, जिथे एप्रिलसुद्धा मफलर सोडत नाही,
बावीस हिवाळे मी माळ्यांवर रांगत काढले.
खाणकामगारांची ही घरं मी पोटातून ओळखते:
बाहेर फळी, आत फळी,
मध्ये वाऱ्याचं बिऱ्हाड.

ऑक्टोबरात तिने बोलावलं. पैसे मुलगा देणार होता, डुलुथहून.
पुढच्या दारात लाल पडदा ताणून पंखा बसवला,
आतली हवा बाहेर ओढली,
आणि घर आजवर जिथून जिथून चोरून श्वास घेत होतं
तिथून तिथून शीळ आली:
विजेच्या बटणाआडून,
जिन्याच्या तिसऱ्या पायरीखालून,
लग्नाच्या फोटोमागून.
धुराची कांडी धरली, तर धूर दचकून मागे सरला.
सायमीने फोटो सरळ केला.
"उर्होची मान इथे बसूनच धरायची."

मग बाहेरच्या फळ्यांना भोकं, दर सोळा इंचांवर.
पहिल्याच फळीमागे लाकडाचा भुसा,
बसून बसून गुडघ्याएवढा उरलेला,
उंदराचं वाळलेलं बाळंतपण,
आणि कुणीतरी कधीकाळी कोंबलेली फिनिश वर्तमानपत्रं.
तिने चष्मा लावला, मला अर्थ सांगितला:
कुणाची तरी गाय हरवली होती,
कपाळावर पांढरा ठिपका, आढळल्यास कळवावे.
"सापडली असेल का गं?"

मी नळी जोडत होते.
आणि मी तरी काय भरत होते?
वर्तमानपत्रंच. दळलेली, राखाडी, टाकणखार लावलेली.
गेल्या वर्षीच्या निवडणुका, हॉकीचे निकाल, निधनवार्ता,
सगळं एकजीव होऊन
धडधडत भिंतीच्या पोटात.
भिंतींना कान असतात म्हणे.
मी त्यांत बोळे घालते, तासाच्या हिशेबाने.

उत्तरेच्या कोठीपाशी ती आडवी उभी राहिली.
"ही भिंत राहू दे."
मी आकडे सांगितले: किती गळती, किती तेल, किती डॉलर.
"इथे माझं लोणी असतं. खारवलेला मासा असतो.
थंडीला घरात एक खोली नको?"
मी कोठी सोडली.
दाराला तेवढी रबराची पट्टी मारली,
थंडीने आपल्या खोलीत राहावं,
उठसूट स्वयंपाकघरात येऊ नये म्हणून.

फेब्रुवारीत फोन, रात्री साडेनऊला.
"माझ्या छपरावर बर्फ साचलाय. जातच नाही.
काहीतरी बिघडवलंस तू."
मी आधी पोटभर हसले.
मग सांगितलं: बर्फ वर टिकला म्हणजे ऊब खाली राहिली.
सुळे गेले, आता वळचण कुजायची नाही.
ती ऐकत होती. तिच्या घड्याळाची टिकटिक
मला फोनमधून स्वच्छ येत होती.

"आणि आवाज?"
"कुठला?"
"तेच तर. कुठलाच नाही.
बर्फ सारणारी गाडी कधी येऊन जाते कळत नाही,
सकाळी दार उघडावं तर रस्ता झालेला.
वाऱ्याला मी जन्मभर शिव्या घातल्यात,
आता तो आहे की गेला, विचारायचं कुणाला?"
जरा थांबली.
"न्हाणीघराची खिडकी रात्री बोटभर उघडते. चालेल ना?"

माझ्या वहीप्रमाणे चालत नाही.
मी बाहेर बघितलं.
माझ्याच वळचणीला, ज्या माळ्यावर चढायला मला
बावीस वर्षांत रविवार सापडला नाही,
हातभर सुळे लोंबत होते.

"बोटभर म्हणजे," मी म्हटलं,
"करंगळीएवढं."